सरांच्या विहिरींची मापं

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही नेमकं कधी ते कुणी सांगायचं नाही. ज्या सकाळी ते येणार होतं, त्याच सकाळी सरांच्या जावयांचा फोन आला.

"मॅडम, सर्व्हर चालू होत नाहीये. काळ्या पडद्यावर काहीतरी इंग्रजी लिहून थांबलाय. लगेच या."

मी म्हटलं, पाणी यायचंय, भरून झालं की निघते.

"पाणी घरातलं कुणीही भरेल. हे दुसरं कोण करणार?"

सासूबाईंनी माझ्या हातातला पाइप घेतला आणि काही न बोलता पिंपांकडे वळल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मी स्कूटी काढली आणि गारखेड्याला, सरांच्या ऑफिसकडं निघाले.

तेव्हा मी शहरातल्या काही लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळायचे. एखाद्या डॉक्टरांचं, एखाद्या वकिलांचं, एका छापखान्याचं. बायकांनी हे काम करायचं म्हटलं की लोक आधी संशयानं बघायचे आणि काम झालं की 'आमच्या मॅडम' म्हणायचे. सर मात्र पहिल्या दिवसापासून सरळ वागले. ते माझे शिक्षक नव्हते. सगळेच त्यांना सर म्हणायचे. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, मूळचे फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातले. इतकी वर्षं शहरात काढूनही बोलणं त्यांनी गावाकडचंच ठेवलं होतं. बंगल्यात खाली ऑफिस होतं आणि वर ते, त्यांची मुलगी आणि जावई राहायचे. सरांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

सरांनी एक काम नेमानं केलं होतं. शहराभोवतीच्या गावांमधल्या काही विहिरी त्यांनी ठरवून घेतल्या होत्या आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्याच्या नंतर, त्या प्रत्येक विहिरीवर जाऊन ते पाण्याची पातळी मोजायचे. नोकरी होती तोवर सरकारी जीपनं, नंतर स्वतःच्या गाडीनं. प्रत्येक वेळचं माप, फोटो, आसपास नवे बोअर किती झाले, रानात ऊस उभा होता की बाजरी, सगळं लिहून ठेवलेलं. कागदांना वाळवी लागली तेव्हा त्यांनी वर्षभर बसून एकेक आकडा स्वतः कॉम्प्युटरवर चढवला आणि कागद टाकून दिले. त्यामुळे आता जे काही होतं ते त्या सर्व्हरवर होतं. मी दुसरी प्रत ठेवायला एक बाहेरची डिस्क घ्यायला लावली होती, पण ती जावयांच्या नकाशांनी केव्हाच भरून गेली होती.

जावई सिव्हिल इंजिनिअर. पुण्यातली नोकरी सोडून आले होते, कारण आमचं शहर वाढायला लागलं होतं. बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसराकडं, देवळाईकडं, हर्सूलच्या पुढं, जिथं काल ज्वारी होती तिथं आज चुन्याच्या रेघा मारलेल्या असायच्या. जावई त्या रेघांचे नकाशे करायचे, आणि पुढं पुढं स्वतःच जमिनी घेऊन प्लॉट पाडायला लागले. सासऱ्यांच्याच ऑफिसात, त्याच सर्व्हरवर.

सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत होता. दार उघडलं तर आत भट्टी. खिडकीत कूलर होता, पण बंद.

"कूलर का बंद आहे?" मी विचारलं.

"पाणी कुठंय त्यात घालायला?" जावई म्हणाले. "महिना झाला बंद करून. पंखा आहे की."

पंखा होता. गरम हवा इकडून तिकडं ढकलत होता. मी डिस्कच्या डब्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

पडद्यावर जे लिहिलं होतं त्याचा अर्थ साधा होता. मशिन स्वतः सुरू झालं होतं, पण साठ्याच्या चार डिस्क एकत्र जोडून त्यांची एक जागा करायची आणि मग पुढं जायचं, हे त्याला जमत नव्हतं. म्हणून ते दारातच थांबलं होतं. ही व्यवस्था मीच करून दिली होती. चार डिस्क मिळून एकच साठा दिसतो आणि मजकूर चौघींवर अशा हिशोबानं पसरलेला असतो की एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यावरचं सगळं परत काढता येतं. दोन मेल्या तर मात्र काहीच हाती लागत नाही.

प्रत्येक डिस्कवर एक लहानशी नोंद असते, आपण शेवटचं कधी सगळ्यांसोबत होतो याची. मी एकेकीची नोंद बघितली. एक डिस्क हिवाळ्यातच बाहेर पडली होती. ते मला ठाऊक होतं; तेव्हाच मी जावयांना सांगितलं होतं की ही बदलून घ्या, आता आधाराला काही उरलेलं नाही. ते म्हणाले होते, "चालू आहे ना सध्या? मग बघू." तेव्हापासून सर्व्हर रोज ईमेलनं इशाऱ्याचं पत्र पाठवत होता. ती पत्रं जावयांच्याच पत्त्यावर जायची, कारण ऑफिसचं सगळं आपल्याकडं यावं असा त्यांचा आग्रह होता. ती पत्रं त्यांनी उघडलीही नव्हती. आणि आता आदल्या दिवशी लाइट गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या संपलेल्या, मशिन धाडकन बंद पडलं आणि दुसरी एक डिस्क त्या गडबडीत मागं राहिली. थोडीशीच मागं. पण मशिनला ते थोडंसं चालत नव्हतं. चारपैकी दोघीच एका मताच्या, म्हणून ते हलायला तयार नव्हतं. माझ्या मते ते बरोबर करत होतं.

मी हे सगळं दोघांना समजावून सांगितलं. सर वरून खाली आले होते, बनियनवर, हातात घडी घातलेला पंचा.

"म्हणजे गेलं का राहिलं?" सरांनी विचारलं.

"राहिलंय, असं मला वाटतं. जी थोडी मागं आहे तिला जबरदस्तीनं बाकीच्या दोघींसोबत उभं करता येतं. हिवाळ्यात पडलेलीला मात्र बाजूलाच ठेवायचं. तिच्यावर जुनं आहे, ती मध्ये आली तर सगळ्यात घोळ होईल. पण त्याआधी तिन्ही डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर काढायची आणि जे करायचं ते नकलांवर करायचं. या आता थकल्यात. जबरदस्ती करताना एखादी मेली तर परत संधी नाही."

"किती वेळ?" जावई.

"दोन-तीन दिवस धरा."

"मला उद्या जमीनमालकांना नकाशा दाखवायचाय. जबरदस्ती करता येते म्हणालात ना? करा मग."

"नाही."

ते सरांकडं वळून म्हणाले, "मामा, तुम्ही सांगा यांना. तुमच्या विहिरी काही पळून जाणार नाहीत."

"विहिरी नाय पळत, जावईबापू. पाणी पळतं," सर म्हणाले. "तिला करू द्या तिच्या पद्धतीनं."

मी नव्या डिस्क आणायला निघाले. निघताना मशिन बंद केलं, साठ्याच्या डिस्कच्या विजेच्या केबल काढल्या आणि पर्समध्ये टाकल्या. का टाकल्या ते मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. जावयांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. गावात दोनच डिस्क मिळाल्या, तिसरी पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं मागवली. परत आले तर जावई कीबोर्डवर, कानाला फोन. पुण्याचा कुणी मित्र पलीकडून सांगत होता आणि हे टाइप करत होते.

"मॅडम, यात डिस्कच दिसत नाहीयेत."

"दिसणार नाहीत. केबल माझ्याकडं आहेत."

"तुम्ही केबल नेल्या?"

"हो. तुमचा मित्र काय करायला सांगतोय?"

तो चारही डिस्क घेऊन नव्यानं साठा तयार करायला सांगत होता. चारही, म्हणजे हिवाळ्यातलीसुद्धा धरून. ते झालं असतं तर पडद्यावर सगळं छान चालू झाल्यासारखं दिसलं असतं आणि आतमध्ये सरांची सगळी वर्षं एकमेकांत कालवली गेली असती. मी हे सांगितलं. जावयांनी फोन ठेवला, खुर्ची ढकलली आणि निघून गेले. सॉरी म्हणाले नाहीत, मलाही अपेक्षा नव्हती.

नक्कल सुरू केली. पहिली डिस्क नीट चालली. दुसरी, म्हणजे तीच थोडी मागं राहिलेली, तापली की अडखळायची. वाचता वाचता थांबायची, आतून टक टक आवाज करायची, आणि मला सगळं थांबवून तिला निवू द्यावं लागायचं. असं दोन-तीनदा झाल्यावर मी म्हटलं, "सर, ही खोली थंड झाल्याशिवाय हे होणार नाही."

सर उठले. वर गेले. थोड्या वेळानं जिन्यावर पाय घासल्याचा आवाज आला. बघते तर दोन्ही हातांत बादल्या घेऊन एकेक पायरी उतरत होते. त्यांनी ते पाणी कूलरमध्ये ओतलं आणि परत वर निघाले. मागोमाग त्यांची मुलगी आली.

"बाबा, हे वापरायचं पाणी आहे. चार दिवस पुरवायचंय. कूलरात काय ओतताय?"

"माझ्या आंघोळीचं हाय. मी नाय करणार आंघोळ."

"आंघोळ नाही करणार? या वयात? या उन्हाळ्यात?"

"अगं, तुझी आजी म्हातारपणी आठ-आठ दिवस करायची नाय. काय झालं तिला?"

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही तरी सांगा काही." मी मान खाली घातली. मला ते पाणी हवं होतं.

त्या दिवसांत सर माझ्याजवळ बसून राहायचे. नक्कल चालली की बघण्यासारखं काही नसतं, एक आकडा हळूहळू वाढत जातो. सर तो आकडा बघत विहिरींबद्दल बोलायचे. टेप सोडताना टोकाला वजन बांधायचं, ते पाण्याला टेकलं की बारीक आवाज येतो, तो ऐकायला आजूबाजूच्या माणसांना गप्प बसवावं लागतं. एका गावात टेप टेकायची तर खडकालाच टेकली. सर म्हणाले, "टेकली की कळतंच बेटा. पाण्याचा आवाज येगळा, दगडाचा येगळा. तो दगडाचा ऐकला की मला जेवण जायचं नाय." मग म्हणाले, "आता लई ठिकाणी दगडच."

मी विचारलं, "हे सगळं मोजून कुणाला देता?"

"ज्याला पाहिजे त्याला. मागायला कुणी येत नाय, ती गोष्ट निराळी."

दुसऱ्या डिस्कवरचे काही तुकडे शेवटपर्यंत वाचता आले नाहीत, पण फार थोडे. तिसरी सरळ झाली. मग मी जुन्या डिस्क काढून ठेवल्या, नकला जोडल्या आणि त्या तिघींनाच घेऊन साठा जबरदस्तीनं उभा करायची आज्ञा दिली. सर माझ्या खुर्चीमागं उभे होते. जावईही आले होते, दाराला टेकून. साठा उभा राहिला. मी आधी फक्त वाचण्यापुरता उघडला, काही लिहिलं जाऊ नये म्हणून. फोल्डरांची यादी आली. मी सरांच्या फोल्डरमध्ये जाऊन कुठलातरी एक फोटो उघडला. कोरड्या विहिरीच्या काठावर एक बाई डोक्यावर हंडा घेऊन उभी, आणि कोपऱ्यात सरांची सावली, टेप धरलेली.

सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तेव्हा रडले असते, पण जावई दारात होते.

"नकाशे आलेत का?" त्यांनी विचारलं.

"आलेत."

त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून दिला.

पुढं मी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, चौथी डिस्क लावून साठा पुन्हा पुरता केला, सरांच्या फोल्डरची एक वेगळी प्रत डिस्कवर काढून सरांच्या हातात दिली. पाऊस त्या वर्षीही नावालाच झाला. हे प्रकरण माझ्यापुरतं चांगल्या कामांमध्ये जमा झालं होतं. मी कुठं कुठं अभिमानानं सांगितलंसुद्धा.

दिवाळीनंतर एका सकाळी पेपर उलगडला तर आतून एक रंगीत पत्रक पडलं. वेरूळकडं जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या अलीकडं, नवी प्लॉटची स्कीम. हिरवळ, कारंजं, सायकल चालवणारी दोन गोरीगोमटी मुलं. आणि खाली ठळक अक्षरांत: मुबलक भूजल, ज्येष्ठ भूजलतज्ज्ञांच्या प्रत्यक्ष नोंदींनुसार. त्याखाली सरांचं पूर्ण नाव आणि विहिरीच्या पाण्याचं एक माप. हाताला लागावं इतकं वर.

ती विहीर मला माहीत होती. फाइल नीट आली की नाही ते तपासताना मी तिचा तक्ता वरून खाली वाचला होता. ते माप एका अतिवृष्टीच्या वर्षाचं होतं, पावसाळा संपल्या संपल्या घेतलेलं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळींमध्ये पाणी खाली खाली जात होतं आणि शेवटची काही वर्षं उन्हाळ्यात फक्त 'कोरडी' असा शब्द होता.

मी ऑफिसात गेले. जावई नव्या टेबलापाशी बसले होते.

"हे सरांना विचारून छापलंत?"

"मामांच्याच नोंदी आहेत."

"त्यातली एक ओळ आहे."

"आकडा खोटा आहे का?"

"नाही."

"मग?"

"त्याच फाइलमध्ये ती विहीर कोरडी लिहिलेली आहे, दर उन्हाळ्यात."

"जाहिरातीत सगळी फाइल छापतात का, मॅडम?" ते हसले. चिडलेले नव्हते, हेच मला सहन होईना. "तुमचे तर आभार मानायला पाहिजेत. तुम्ही काढून दिलं नसतं तर हा आकडा मला कुठून मिळाला असता?"

मी वर सरांकडं गेले. पत्रक त्यांच्या गादीवर पडलेलं होतं. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"तुझी गाडी हाय का?" एवढंच विचारलं.

मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून त्या जागेवर नेलं. गाडी चालवायची आता त्यांना बंदी होती. जावयांनी किल्ली काढून घेतली होती, डोळ्यांचं कारण सांगून. माळरानावर मंडप टाकला होता, लाल गालिचा, थंड पाण्याचे जार. गिऱ्हाइकं बायकापोरांसह येत होती. सरांनी मंडपातली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, बाहेर वाटेच्या कडेला ठेवली आणि तिथं बसले. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगायचे, "त्या पत्रकात नाव हाय ना, ते माझं. मीच मोजलंय. इथं पाणी नाय. घेऊ नका."

बरेच जण हसून पुढं गेले. काहींना ते वेडसर वाटले असावेत. मंडपातला पोरगेला सेल्समन येऊन अदबीनं म्हणाला, "सर, आत बसा ना, सावलीत." त्याला त्यांच्याशी कसं वागावं कळत नव्हतं. एक नवरा-बायको मात्र थांबले. सिडकोत भाड्यानं राहणारे, नवरा वाळूजच्या कुठल्याशा कारखान्यात. त्यांनी सरांचं सगळं नीट ऐकून घेतलं. सरांनी त्यांना विहिरीचा इतिहास वर्षावर्षानं सांगितला, मातीवर काडीनं रेघ मारून दाखवला. नवरा मान हलवत होता.

मग तो म्हणाला, "काका, तुमचं खरं असंल. पण आता राहतो तिथं तरी कुठं पाणी आहे? टँकरच घेतो. इथं येऊन पण टँकरच घेऊ."

बायको म्हणाली, "निदान घरमालक तर नसंल ना डोक्यावर."

आणि ते दोघं मंडपात गेले. सर त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. ते दोघं खोटं बोलत नव्हते आणि मूर्खही नव्हते. कुणी फसलं असतं तर सरांना राग धरता आला असता. इथं त्यांचं ऐकून, पटूनसुद्धा लोक आत जात होते.

सर त्यानंतरही काही दिवस रिक्षा करून जात राहिले. मी परत नेलं नाही, कारण पहिल्याच दिवशी त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली होती. गाडीतून उतरून ती आधी माझ्याकडं आली.

"तुम्ही आणलंत यांना?"

"त्यांनी सांगितलं म्हणून."

"तुम्हाला आमच्या घरात काय करायचंय? कॉम्प्युटर सांभाळा ना तुम्ही." मग सरांचा दंड धरून म्हणाली, "बाबा, चला. लोक बघतायत. यांच्या धंद्यावर आपण सगळे जेवतो, तुम्हीपण."

सर उठले. खुर्ची उचलून परत मंडपात नेऊन ठेवली, जागच्या जागी, आणि गाडीत बसले.

माझं तिथलं काम एका मेसेजनं संपलं. नवा माणूस ठेवला आहे, पासवर्ड द्यावेत. मी दिले. नव्या माणसानं सगळे नकाशे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत हलवले आणि जिन्याखालचा सर्व्हर भंगारात गेला, असं मला छापखानेवाल्यांकडून कळलं. सरांचं फोल्डर हलवलं का, असं मी त्या नव्या माणसाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "विहिरींचं ना? साहेब म्हणाले ते नको, उगाच जागा खातं."

पण सरांकडं प्रत होती. मी दिलेली. मला त्याचाच काय तो आधार वाटत होता. एकदा सरांचा फोन आला, ये म्हणून, घरी कुणी नाय. मी गेले. ते बारीक झाले होते. त्या पावसाळ्याआधी ते विहिरींवर गेलेच नव्हते. निम्म्याहून जास्त विहिरी आता बुजवल्या होत्या, म्हणाले. प्लॉटच्या मध्ये येतात म्हणून मुरूम टाकून सपाट केल्या. त्यांनी कपाटातून ती डिस्क काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हे पुसून टाक."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"परत कुणी काढू शकणार नाय असं पुस. तुला येतं ते."

"सर, ही शेवटची प्रत आहे."

"म्हणूनच."

"कुणाच्यातरी कामाला येईल. विद्यापीठात देऊ, एखाद्या संस्थेला देऊ. मी फिरते, मी विचारते."

"अन् ते काय करतील? एक ओळ उचलतील. ज्याला जी पाहिजे ती. ह्यात चांगल्या वर्षाची मापं बी हायेत, वाईट वर्षाची बी. लोक चांगली तेवढी घेतात. मी मेल्यावर माझ्या नावावर काय काय विकलं जाईल, मला बघवणार नाय."

"मेल्यावर कुठं बघायचंय?" मी म्हणाले. मला राग आला होता. "तुमच्या आंघोळीच्या पाण्यावर काढलंय हे."

"व्हय. पाणी माझं, मापं बी माझी."

मी तासभर वाद घातला. मग त्यांनी हात जोडले. ज्या माणसानं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता त्यानं मला हात जोडावेत हे मला बघवेना, आणि मी माझा लॅपटॉप उघडला. परत काढण्याच्या मानानं पुसायला काहीच वेळ लागत नाही. आज्ञा एका ओळीची. मशिननं एकदा विचारलं, नक्की ना? सरांनी पडद्याकडं बघून मान हलवली. मी हो दाबलं.

सर वारले तेव्हा मी भेटायला गेले होते. हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरलेल्या, फोटोला हार, जमीनमालक, बिल्डर, नात्यातली माणसं. जावयांनी मला ओळखलं. उठून आले, मला पुढं नेलं आणि बसलेल्यांना सांगितलं, "मामांचं आयुष्यभराचं काम यांनी वाचवलं. सर्व्हर बंद पडला होता, सगळ्यांनी आशा सोडली होती. यांनी एकेक आकडा परत काढला." माणसांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, फार मोठं काम केलंत ताई, पुढच्या पिढीला उपयोग होईल. सरांची मुलगी माझ्याकडं बघत होती. तिला ठाऊक होतं की नाही, मला कळलं नाही.

मी चहा घेतला आणि निघाले. जावयांचा राग मला आता फारसा येत नाही. त्या जातीची माणसं मला पुढं प्रत्येक ऑफिसात भेटली, सवय झाली. सरांचा येतो. मरून गेलेल्या माणसावर इतका राग धरू नये, हे कळतं. पण कुणाचा सर्व्हर बंद पडला, डिस्क जुळत नाहीत असा फोन आला की मी आधी नक्कल, मग बाकीचं, असं सांगते, आणि सांगताना दर वेळी मला त्यांचे जोडलेले हात दिसतात, आणि माझं बोलणं विनाकारण कडक होतं. समोरच्याला वाटतं, मॅडम फार तुसड्या आहेत.